वरती काम चालू आहे

घरात शांतता हवी आहे? मग पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर घर घ्या आणि चौथ्या मजल्यावरच्यांना बाथरूम नवं करायची बुद्धी होण्याची वाट बघा. आम्ही होळीच्या दुसऱ्या दिवसापासून हे व्रत धरलंय. "वहिनी, दोन दिवसांचं काम आहे, जरा सांभाळून घ्या," असं वरचे गृहस्थ स्वतः येऊन सांगून गेले होते. हातात पेढेही होते. परवा अक्षय्य तृतीया झाली. पेढे केव्हाच संपले.

तर आता अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगते. लिहूनच घ्या, ऐकू यायच्या नाहीत.

आधी जाड पडदे लावा. पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज काही अडत नाही. तो अडवायला वजन लागतं, म्हणजे चांगली जाडजूड भिंत, आणि त्यात फट चालत नाही. दाराखाली बोटभर फट राहिली तर बाकीच्या खर्चावर पाणी. पण पडदे दिसतात छान, तेव्हा लावाच. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा असंही कुणीतरी सांगेल. तेही ऐका. आवाज थांबणार नाही, झुरळांची सोय होईल.

दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या तर विमानं आणि रिक्षा खरंच लांब गेल्यासारख्या वाटतात. फक्त त्या बंद ठेवाव्या लागतात. मे महिन्यात. मुंबईत.

हॉर्न मनावर घेऊ नका. 2020 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक गमतीदार सिग्नल दाखवला होता. हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. काय आवडला होता आपल्याला तो व्हिडिओ! गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना पाठवला. एका हातानं. दुसरा हॉर्नवर होता.

शेजारच्यांची गाडी रिव्हर्स घेताना जी धून वाजते, ती पाठ करा.

आणि ध्यान करा. बरोब्बर दहाला बसा, कारण वरचा फरशी फोडायचा ब्रेकर दहाला सुरू होतो. म्हणजे नोटीस बोर्डावर तसं आहे: दहा ते एक, तीन ते सहा, रविवारी काम बंद. ही नोटीस मीच टाइप केली होती, कमिटीत असताना. गेल्या रविवारी मशीन लागलं सकाळी साडेआठला. पोहे परतत होते. आधी वाटलं आपलाच मिक्सर राहिला चालू. मग ओट्यावरच्या ग्लासातला चमचा किणकिणायला लागला आणि पोह्यांत छताचा पोपडा पडला.

हा आवाज हवेतून येतच नाही हो, स्लॅबमधून उतरतो. छिन्नी वरच्या फरशीला टेकली की स्लॅब, बीम, भिंती सगळ्यांचा मिळून एक ढोल होतो. कानात बोळे घाला, दातांत जाणवतो. देवघरातली छोटी घंटा आपोआप वाजायला लागली. सासूबाईंनी आधी हात जोडले. पुन्हा वाजली तेव्हा डोळे उघडून म्हणाल्या, "देवालाही झोप नाही ग." त्यांची महिन्यापूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. डॉक्टरांनी दुपारी दोन तास पडायला सांगितलंय. एक ते तीनची सुट्टी आहे ना, असं तुम्ही म्हणाल. त्या सुट्टीत वरती टाइल कापतात. टाइल कापणं हे तोडकामात धरत नाहीत, असं मला समजावण्यात आलं.

मी वर गेले. मिस्त्री बिचारा पांढराफटक, नुसत्या पापण्या हलताना दिसत होत्या. "भाभी, शेठ ने बोला है." शेठ कुठेत? शेठ बायकामुलांसह ठाण्याला, सासुरवाडीला. फोन लावला. कधी येताय परत, विचारलं. म्हणाले, "काम संपल्याशिवाय कसे येणार वहिनी? पोराची परीक्षा चालू आहे, तिथे केवढा आवाज असतो!"

मी फोन ठेवला. चहा केला. प्याले नाही.

सेक्रेटरी म्हणाले, थोडं अ‍ॅडजस्ट करा, उद्या तुमच्याकडेही काम निघेल. कायदा आहे, म्हटलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. शांत झोपेसाठी बेडरूममध्ये 30 च्या वर आवाज नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा पंखाच त्याहून मोठ्यानं बोलतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपने सासूबाईंच्या खोलीत 85 दाखवले. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 55 च्या मानाने ही हजारपट. अ‍ॅप काही अचूक नसतं, मान्य. दहा डेसिबल सोडून द्या. तरी शंभरपट उरते. सेक्रेटरींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते सातव्या मजल्यावर राहतात.

पोलिसांना फोन केला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता पुढचा उपाय सुचत नाही आणि मला सुचवायचाही नाही. कसली मनःशांती आणि कसले पडदे! तुमची फरशी म्हणजे खालच्याचं छत, एवढं साधं कळत नाही तुम्हाला? खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं लावायला किती पैसे लागतात? बाथरूमवर लाखो रुपये घालता आणि खालच्याला खरी तारीख सांगायला जीभ रेटत नाही. दीड महिना म्हणाला असतात तर आम्ही आईंना नणंदेकडे पोचवलं असतं. दोन दिवस म्हणालात. तुमच्या पोराची परीक्षा ती परीक्षा, आणि खाली म्हातारं माणूस छातीवर हात धरून छताकडे बघत पडलंय ते काय, टाइमपास?

आणि बाकीचे तुम्ही. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की अकरा अंगठे येतात. शब्द एकाचाही नाही. पहिल्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये हळूच म्हणतात, "बरं झालं तुम्ही बोललात." काका, तुम्हाला काय झालं होतं बोलायला? मी भांडकुदळ आणि तुम्ही सगळे समजूतदार, हे कोणी ठरवलं?

रविवारी मशीन लावायचं नाही. दुपारी कटर नाही. विनंती करून झाली, आता सांगतेय. येत्या रविवारी साडेआठला वरती खट् जरी झालं, तरी मी आईंना रिक्षात घालून ठाण्याला तुमच्या सासुरवाडीला येणार आहे, दुपारी दोन तास पडायला. पत्ता मिस्त्रीकडून घेतलाय.