प्रार्थना फुकट, बघायचे पैसे

परत येऊन आठवडा झाला. पायांची सूज उतरली, पण निळा पट्टा घातलेल्या त्या आजीबाईंवरचा राग अर्धाच उतरलाय. उरलेला इथे उतरवून टाकतो.

लेक इंग्लंडात रेडिंगला असते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हा दोघांना परस्पर एका सहलीत घातलं. आठ दिवस, एक बस, चोवीस माणसं, ऑक्सफर्डपासून एडिनबरापर्यंत ख्रिस्ती वारसा. "पप्पा, तुम्हाला आवडेल, सगळी चर्चच आहेत." नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या, मंडळीच्या खजिनदारकीत सोळा वर्षं घासलेल्या माणसाला चर्च दाखवायला विलायतेला पाठवायचं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ दाखवण्यापैकीच. पण पैसे भरून झाले होते, आणि ते परत मिळणार नव्हते. गेलो.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी अडकवली आणि कानात एक बोंडूक खुपसलं. गाइडबाई पुढे हळू आवाजात बोलणार, आपल्याला मागे ऐकू येणार. फक्त ऐकू येणार, आपण बोललेलं तिला कळायची सोय नाही. प्रार्थनेत आपण बोलतो आणि पलीकडून काही ऐकू येत नाही, इथे बरोबर उलटं. ऑक्सफर्डला ब्रॉड स्ट्रीटवर, भर रस्त्यात, दगडांचा एक क्रूस बसवलाय. १५५५ साली लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना प्रॉटेस्टंट मतांपायी तिथे जिवंत जाळलं, पुढच्या वर्षी आर्चबिशप क्रॅनमरला. क्रॅनमरने आधी दडपणाखाली माफीनाम्यावर सही केली होती, म्हणून शेवटी सही करणारा उजवा हात त्याने पहिल्यांदा आगीत धरला. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा बसायच्या आत त्याच आवाजात कानात आलं, "आता उजव्या हाताला कॉफी चांगली मिळते."

पुढे बसमध्ये मिशनरी विल्यम केरीचा विषय निघाला. चांभारकाम करणारा माणूस, १७९३ साली भारतात गेला, खूप भाषा शिकला, वगैरे. मी ताठ बसलो. याच केरीने १८०५ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, आमच्या शेजारच्या नव्हे, मराठीचं व्याकरण छापलं, आणि १८१० साली मराठीचा कोश काढला तो चक्क मोडीचे खिळे पाडून. बसमध्ये हे ठाऊक असलेला एकमेव माणूस मी, आणि माझ्या गळ्यातली डबी मुकी. गाइडबाई "खूप भाषा" एवढ्यावर भागवून जेवणाच्या थांब्याकडे वळल्या. शेवटी हिला सांगितलं. ही म्हणाली, "काल सांगितलंत."

तर चौथा दिवस. गावाचं नाव सांगत नाही, मोठं कॅथेड्रल आहे एवढं पुरे. बसमधून उतरल्या उतरल्या मला जायचं होतं. वयच तसं आहे. सार्वजनिक संडासाच्या तोंडाशी फिरतं फाटक, पन्नास पेन्स, आणि खिशात एवढी चिल्लर असताना ते फक्त कार्ड घेणार. कार्ड लेकीचं. ते तीनदा नको म्हणालं, चौथ्यांदा हो म्हणालं. ज्या देशात पापांची क्षमा फुकट आहे तिथे लघवीला हा त्रास! बाहेर आलो तर चौकात कबुतरं होती, मंडळी नव्हती. कानात मात्र गाइडबाई होत्या, "आता सगळ्यांनी वर बघा." मी वर बघितलं. पाऊस येणार होता.

कॅथेड्रलच्या दाराशी त्या आजीबाई. पंचाहत्तरीच्या, सडसडीत, अंगावर निळा पट्टा, पट्ट्यावर सेवेकरी असल्याचा बिल्ला. सगळे तेवीस जण आत, माझं तिकीट गाइडबाईंच्या पिशवीत. मी सांगितलं, माझा गट आत गेलाय, मी चोविसावा. आजीबाईंनी हातातला कागद बघितला.

"चोवीस जण गेले आत. मी स्वतः मोजले."

"पण मी तर बाहेर आहे."

"चोवीस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी जन्मालाच जरा जास्तीचा आलोय.

मी अडतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. मोजणी जुळली म्हणजे हिशोब जुळला असं नसतं हे मला चांगलं ठाऊक आहे. बंडलात शंभर नोटा भरतात आणि त्यातली एक खोटी असते. पण हे इंग्रजीत आणि दारात उभं राहून कसं समजावणार? मी कानातलं बोंडूक काढून त्यांच्यापुढे धरलं. "ऐका, आमच्याच गाइड बोलताहेत." त्यांनी ते दोन बोटांत धरलं, दुरूनच कान दिला आणि म्हणाल्या, "खिडकीचं साल चुकीचं सांगताहेत."

मग मुद्द्यावर आल्या. "आपण बघायला आलात की प्रार्थनेला?"

"फरक काय पडतो?"

"बघायला तिकीट लागतं. प्रार्थनेला नाही."

"आणि मी डोळे मिटून आत गेलो तर?"

हा विनोद होता. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "आपण पडाल. आत पायऱ्या आहेत."

शेवटी म्हटलं, प्रार्थनेला आलोय. खोटं नव्हतं तसं, त्या क्षणी देवाची फार गरज होती. त्या स्वतः मला डावीकडच्या छोट्या चॅपलमध्ये घेऊन गेल्या. पुढे जाड लाल दोरी, तिच्यापलीकडे बघणाऱ्यांचा प्रदेश. मी बाकावर बसलो. वाटलं आता या जातील. गेल्या नाहीत. माझ्या मागे दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक उभे राहतात तशा. म्हणजे आता खरोखर प्रार्थना करणं आलं, आणि तीही पटेल इतका वेळ. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं, "आमची ऋणे आम्हांस सोड" इथपर्यंत आलो, तेवढ्यात खांद्यावर टकटक.

"चॅपलमध्ये उपकरणं चालत नाहीत."

कानातलं काढलं. आत गाइडबाई कुणाच्या तरी हत्येचं सांगत होत्या, ती कुणाची हे मला अजून कळलेलं नाही.

"आपण कोणती भाषा बोलत होतात?"

"मराठी."

"फार सुंदर. ख्रिस्ती कधी झालात?"

हा प्रश्न मला या सहलीत पाचव्यांदा विचारला जात होता. बसमध्ये दोघांनी, न्याहारीला एकाने, आणि ब्रिस्टलला एका बाईंनी. तिथे मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीची १७३९ सालची खोली आहे, मेथडिस्टांची जगातली सगळ्यात जुनी इमारत. खाली लोक बसायचे, वरच्या मजल्यावर उपदेशक राहायचे. इतकी साधी जागा की मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं.

"मी झालो नाही," मी आजीबाईंना म्हणालो. "मी होतोच."

"मग आपले वडील?"

"तेही होते. आजोबाही. पणजोबाही."

"अच्छा!" त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या मिशनऱ्यांनी—"

"नाही हो. अमेरिकन मिशन. नगरला १८३१ साली आले."

चेहरा पुन्हा मावळला. हिंदुस्थान एवढा दीडशे वर्षं सांभाळला आणि नेमकं हेच काम अमेरिकनांनी केलं, असं काहीसं त्यावर होतं. "पण मग का झाले?" त्यांनी विचारलं. आमचे खापरपणजोबा कुठल्या कुठल्या दारांबाहेर किती लांब उभे राहून कंटाळले होते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मीही त्यांच्या दोरीअलीकडेच बसलो होतो.

राग एकट्या त्यांचा नाही, हे कबूल करायला हवं. तिथे 'ख्रिस्ती कधी झालात', तर पुण्यात 'अय्या, ख्रिस्ती? पण मराठी किती शुद्ध बोलता!' सोसायटीत आडनाव सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "पण हे तर आपलं आडनाव!" आपलं म्हणजे कुणाचं हो? नाताळात शेजारी विचारतात, तुमच्यात केकच करतात ना? करंज्या करतो, शंकरपाळे करतो, डबा तुमच्याच घरी येतो, दरवर्षी रिकामा परत पाठवता. चाळीस वर्षं शेजार आहे. तिथे मी पुरेसा ख्रिस्ती नाही, इथे पुरेसा मराठी नाही, आणि दोन्हीकडे उत्तर हसून द्यायचं. आता हसून हसून गाल दुखतात.

असो. गट बाहेर आला तेव्हा चोविसाव्याचा उलगडा झाला. माझ्यासारखाच निळा रेनकोट घातलेला एक पोर्तुगीज गृहस्थ, त्याला मुळात संडास हवा होता. रांग दिसली म्हणून उभा राहिला, आत ढकलला गेला, आणि भिडस्त स्वभावामुळे पाऊण तास काचेवरची चित्रं बघत होता. मी त्याला फाटक दाखवलं, कार्ड चौथ्यांदा चालतं हेही सांगितलं. पण हिचं काय? माझी बायको पाऊण तास त्याच्या शेजारून हिंडत होती.

"मला वाटलं तुम्हीच. रेनकोट तोच होता."

"चेहरा?"

"चेहरा कोण बघतंय? सगळे वर बघत होतो. आणि गप्प होता बिचारा, मला बरं वाटलं."

त्यानंतर दोन दिवस मी धुसफुसत होतो. डरहमच्या कॅथेड्रलमध्ये मागच्या बाजूला जमिनीत काळ्या संगमरवराची एक पट्टी आहे. मठाच्या काळात बायकांनी ती ओलांडायची नाही. ही एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "यांना काय ते सात मिनिटं दोरीमागे बसवलं." मी विषय बदलला. एडिनबराला स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याचं थडगं बघायला नेलं, तर ते सेंट जाइल्स चर्चच्या मागे गाड्या लावतात तिथे, जागा क्रमांक २३ च्या आसपास. तिथे बघायला तिकीट नाही. आत एक तीनपायी स्टूल ठेवलंय, म्हणे १६३७ साली जेनी गेडिस नावाच्या बाईने नव्या प्रार्थनापुस्तकातून वाचणाऱ्या पाळकावर स्टूल भिरकावलं त्याच्या आठवणीसाठी. त्या स्टुलाशी मी बराच वेळ उभा होतो.

एक सांगायचं राहिलं. चॅपलमधून बाहेर पडताना आजीबाईंनी पेटी पुढे केली. प्रार्थना फुकट, पण देणगी स्वागतार्ह. मंडळीचा खजिनदार, पेटी दिसली की हात खिशात जातोच. पाच पौंडांची नोट काढली. आजीबाईंनी लगेच एक पाकीट पुढे धरलं.

"आपण इथे कर भरता का? देणगीदार करदाता असेल तर सरकार आम्हाला दर पौंडामागे पंचवीस पेन्स वर देतं."

"मी नाही भरत. खापरपणजोबांनी भरला होता. दीड एकर कोरडवाहूचा शेतसारा, तुमच्याच सरकारला. १८७७ च्या दुष्काळातसुद्धा."

आजीबाईंनी पाकिटावरचा बारीक मजकूर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "ज्याने कर भरला त्याचीच सही लागते."