‘ॲडमिट करणाऱ्यावर केसच होत नाही’? कुणी सांगितलं?

लातूर-नांदेडकडं व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय: “मनोरुग्णाला ॲडमिट करणाऱ्या, सोडणाऱ्या डॉक्टर-नर्सवर केस होत नाही, कायद्यानंच माफी दिलीय. नातेवाइकाची सही घ्या, बस्स.”

अशी सरसकट माफी नाही. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण होतं. निरोप लिहिणारा बहुधा तिथंच अडकलाय. तो कायदा जाऊन २९ मे २०१८ पासून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे. आणि सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. पुरेशी काळजी न घेता केलेलं काम भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येनुसार सद्भावनेत बसतच नाही.

“सही घ्या, बस्स” हे तर सगळ्यात घातक. सही म्हणजे फक्त अर्ज झाला. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या प्रौढ रुग्णासाठी २०१७ च्या कायद्यात कलम ८९ आहे. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी वेगवेगळं तपासायचं; त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. भरतीची मुदत ३० दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरत्या तपासणारं मंडळ) ७ दिवसांत कळवायचं, रुग्ण बाई असेल तर ३ दिवसांत. घोळ होतो तो दुसऱ्या तपासणीत: पहिल्याचाच मजकूर उतरवायचा, वेळही तीच टाकायची, खाली सही ठोकायची. असे दोन कागद शेजारी ठेवले की ‘स्वतंत्र’ तपासणी तिथंच उघडी पडते.

तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसला तर? कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीनं निर्णयात मदत करणारा माणूस) संमतीनं तातडीचा उपचार देऊ शकतो, जास्तीत जास्त ७२ तास. त्यात शॉक देता येत नाही. तेवढ्यात छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं.

डिस्चार्जचंही तसंच. स्वतःहून भरती झालेला रुग्ण ‘सोडा’ म्हणाला की सोडायचं. कलम ८८ खाली थांबवता येतं फार तर २४ तास, तेही कलम ८९ लागू होतं का हे तपासण्यापुरतं. बिल बाकी आहे म्हणून नव्हे. मागणी किती वाजता केली, का थांबवलं, हे केसपेपरवर लिहा.

कायदा मोडला तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

संरक्षण आहे, पण नेमक्या जागी. रुग्णानं आधी लिहून ठेवलेला वैध निर्देश पाळला आणि अनपेक्षित काही घडलं, तर कलम १३ डॉक्टरला दोषी धरत नाही. निर्देशाची प्रतच मिळाली नव्हती म्हणून तो पाळला नाही, तरीही नाही.