डोक्याला मार लागल्यावर महिनाभर अंधार? नको!

"डोक्याला मार लागला असेल तर महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा, स्क्रीन अजिबात बघू नका. निळा प्रकाश मेंदूच्या पेशी मारतो. बघायचंच असेल तर निळा प्रकाश अडवणारा चष्मा घाला. सीटी स्कॅन नॉर्मल असेल तर त्रास मनाचा आहे."

मागच्या पावसाळ्यात स्कूटर घसरून मला मार लागला, तेव्हा हा मेसेज तीन नातेवाइकांनी पाठवला. काळजीपोटीच. मी तो अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी पडदा सरकवला, तर ओट्यावरच्या स्टीलच्या डब्याची चकाकीही डोळ्यांत घुसली.

महिनाभर अंधार ही यातली सगळ्यात घातक गोष्ट. स्क्रीन टाळण्यात तथ्य आहे, पण सुरुवातीच्या दोन दिवसांपुरतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या 12 ते 25 वयाच्या 125 रुग्णांवरच्या चाचणीत पहिले 48 तास स्क्रीन टाळणाऱ्यांपैकी निम्मे जण साडेतीन दिवसांत बरे झाले. स्क्रीनची मुभा असलेल्यांना त्यासाठी आठ दिवस लागले. पण विश्रांती लांबवली की फायदा वाढत जातो, असं नाही. 2015 सालच्या चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी, एक-दोन दिवसांनी हळूहळू कामाला लागलेल्यांपेक्षा जास्त त्रास सांगितला. 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही सौम्य इजेसाठी 24 ते 48 तासांची सापेक्ष विश्रांतीच सांगितली, म्हणजे नुसतं पडून न राहता रोजची हलकी कामं चालू ठेवायची. अंधाराची सवय लागलेल्या डोळ्यांना साधा उजेडही जास्त टोचतो, म्हणून घरात गॉगल लावून बसणंही बरं नाही. (मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांचंच.)

निळ्या प्रकाशाने पेशी मरत असत्या, तर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांचं काय झालं असतं? स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश उन्हात असतो. स्क्रीनचा त्रास खरा आहे, पण त्याची कारणं वेगळी. मला ओटीपी वाचता येत नव्हता. सहा आकडे एकमेकांवर चढायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेनाचं टोक नाकाकडे आणत विचारलं, "एकाची दोन कधी दिसतात?" साधारणपणे पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत टोक एकच दिसतं. मला वीतभर अंतरावरच दोन दिसली. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळायला हवेत, तेच नीट होत नव्हतं. त्यासाठी डोळ्यांचे व्यायाम असतात.

दुसरं कारण स्क्रोलिंग. डोळे म्हणतात आपण हलतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण बसलोय. सावरणाऱ्या मेंदूला हा गोंधळ झेपत नाही; मी पलंगाची कड घट्ट धरायचे. अंगठ्याने सरकवण्याऐवजी पानं उलटावीत तसं वाचलं, अक्षरं मोठी केली, अ‍ॅनिमेशन बंद केलं आणि फरक पडला. काही फोनच्या ओएलईडी प्रकारच्या स्क्रीन ब्राइटनेस फार कमी केला की जास्त लुकलुकतात. तसं जाणवलं तर ब्राइटनेस मध्यम ठेवून खोलीत दिवा लावा. मी कणीक मळायचा टायमर पाच मिनिटांचा लावायचे. डोकं जड होण्याआधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर सहा मिनिटं. मोठे मेसेज मुलगा वाचून दाखवायचा.

चष्म्याबद्दल थोडक्यात: वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 17 चाचण्या तपासल्या, पण कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं दिसलं नाही. ते पैसे डोळ्यांच्या तपासणीला ठेवा.

आणि 'मनाचा त्रास' हे ऐकताना सगळ्यात जास्त लागतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं. मेंदूच्या पेशींचं काम विस्कळीत झालेलं त्यात दिसत नाही. सौम्य इजेत स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो.

जे सांगायलाच हवं होतं, ते या मेसेजमध्ये कुठेच नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, जागं करूनही जाग न येणं: यातलं एक जरी दिसलं तरी पेशंटला अंधाऱ्या खोलीत झोपवू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.