मूळच्या कोण?

डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे चुकलंमाकलं माफ करा.

गेले तीन महिने आमच्या उपासनेला एक ताई येतात. भंगार गोळा करतात. पाळकसाहेबांकडे त्यांनी बाप्तिस्मा मागितलाय. आज चहाच्या वेळी एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ताईंनी गाव सांगितलं. "गाव नाही हो. मूळच्या कोण?"

काका, तुम्ही मूळचे कोण? माझी आजी मांगाची, नगर जिल्ह्यातली. गावात तिला पाणी उंचावरून ओंजळीत ओतायचे. पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा, शेजारी एक मास्तरीण होती, ब्राह्मणाच्या घरातून आलेली. ती प्यायली आणि तोच प्याला तिने आजीच्या हातात दिला. आजी म्हणायची, "कड ओली होती गं." बस्स. तारण म्हणजे काय, हे तिने याहून जास्त कधी सांगितलं नाही.

आणि आपण? कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला हे सांगताना ते चित्पावन होते हे सांगायला विसरत नाही. मुलाला स्थळ बघताना तर विचारूच नका! बायबलमधला कर्नेल्य बघा, रोमी पलटणीतला शताधिपती, पक्का परका. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बोलणं संपायच्या आत त्याच्या घरावर पवित्र आत्मा उतरला, पाठोपाठ बाप्तिस्मा. आधी यहूदी हो, असं कोणी म्हटलं नाही. बरं, पेत्रालाही आधी दृष्टान्तात ती चादर, देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध म्हणू नको हे सांगणारी, तीनदा दाखवावी लागली होती. काकांना किती वेळा दाखवायची?

हो, चौकशी करावी लागते, दिवस तसे आहेत. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांच्या सवलती गेल्या, म्हणून जात कागदावर जपणारी घरं आहेत, तेही मान्य. पण काका कागद विचारत नव्हते.

खरं सांगू? राग काकांवर कमी आहे. ते आमच्या सुखदुःखाला धावून येणारे. मी तिथेच उभी होते, हातात चहा, आणि गप्प होते. ताईंनी कप विसळला, पालथा घातला आणि गेल्या. आजीची नात मी. ओल्या कडेची गोष्ट शब्बाथशाळेत पोरांना दरवर्षी सांगणारी.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. आता एक प्याला नसतो, ट्रेमध्ये बोटाएवढ्या पेल्या असतात, ज्याची त्याला. मी ताईंच्या शेजारी बसणार आहे. बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे त्यांना काही घेता येणार नाही. ट्रे त्यांच्या हातातून माझ्याकडे येईल.