चार अरेका आणि अर्धा किलो साखर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरून येतो. यंदाही आला. थोडक्यात असा: ‘नासाने सिद्ध केलंय, अरेका पाम घरातली हवा शुद्ध करतो. माणशी खांद्याएवढी चार झाडं ठेवा, प्राणवायू कमी पडणार नाही. बेडरूममध्ये ठेवा, रात्रभर ऑक्सिजन सोडतो. रोज पाणी घाला, चहाचा चोथा टाका, पानांची टोकं करपली तर एप्सम सॉल्ट द्या आणि झाड भरगच्च हवं तर शेंडा छाटा.’ दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चार कुंड्या आणल्या, म्हणून हा खटाटोप.

आधी नासा. १९८९ चा तो अहवाल खरा आहे, बी. सी. वूल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांचा. पण त्यातल्या झाडांत अरेका नाहीच. होता तो बांबू पाम, म्हणजे वेगळी जात. शिवाय प्रयोग झाले हवाबंद पेटीत. आत एक झाड ठेवायचं, बेंझिन किंवा फॉर्मल्डिहाइडसारखं घातक रसायन सोडायचं आणि ते किती घटलं ते मोजायचं. आपल्या घरात दाराखालच्या फटीतूनसुद्धा हवा ये-जा करते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले. इमारतीत एरवीच जी हवा खेळते, तिची बरोबरी करायला किती झाडं लागतील? दर चौरस मीटरला १० ते १,०००. दहाच धरली तरी पलंग कुठे टाकायचा?

‘माणशी चार’ हा आकडा तर नासाचा नव्हेच. तो दिल्लीचे उद्योजक कमल मीटल यांच्या २००९ मधल्या भाषणातला. त्याचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्रावर करता येतो. फार हालचाल न करणाऱ्या माणसालाही दिवसाला साधारण ५०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. प्रकाशसंश्लेषणात १९२ ग्रॅम ऑक्सिजन सुटतो तेव्हा झाडात १८० ग्रॅम साखर तयार होते. म्हणजे एका माणसाची गरज भागवायची तर त्या चार कुंड्यांच्या अंगात रोज अर्ध्या किलोच्या आसपास साखर साठायला हवी. महिन्याला चौदा किलो, तेही पाण्याचं वजन सोडून! माझ्याकडच्या अरेकाला वर्षाकाठी कशीबशी पाच-सहा नवी पानं येतात. आणि मुळात घरात ऑक्सिजनचा तुटवडा नसतोच. बंद खोलीत कोंदटतं ते उष्म्याने, दमटपणाने आणि आपल्याच उच्छ्वासाने. खिडकी उघडा.

रात्रीचं तर मीटल यांनीही म्हटलं नव्हतं. बेडरूमसाठी त्यांनी स्नेक प्लांट सुचवलं होतं, मेसेजने ते अरेकाच्या गळ्यात बांधलं. उजेड नसला की अरेका तुमच्या-आमच्यासारखाच ऑक्सिजन घेतो. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं खरं, पण ऑक्सिजन तेही उजेडातच सोडतं. आता उलट घाबरून झाड बाहेर काढू नका. शेजारी झोपलेलं माणूस त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याला कुठे बाहेर काढतो?

इथपर्यंत नुकसान फक्त पैशाचं. पुढचे सल्ले झाडाच्या जिवावर उठतात.

शेंडा छाटणं सगळ्यात वाईट. खुडल्यावर फुटवे येतात ते तुळशीला, जास्वंदीला. पामच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच, टोकाला. कोकणात हे पोरालाही ठाऊक असतं: गेंड्या भुंग्याने कोंब आतून खाल्ला की माड गेला. अरेका माडाच्याच कुळातला. तो भरगच्च दिसतो ते बुंध्यापासून नवीन खोडं फुटतात म्हणून, आणि बऱ्याचदा नर्सरीवाल्याने एकाच पिशवीत डझनभर रोपं कोंबलेली असतात म्हणून.

रोजचं पाणीही नको. नर्सरीतली तांबडी माती चिकट असते, पाणी धरून ठेवते, आणि मुळं कुजली की पानं सुकलेलीच दिसतात. मग माणूस आणखी पाणी घालतो! बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही खालच्या भोकातून वाहीपर्यंत. बशीत साठलेलं ओतून टाका.

करपलेल्या टोकांना एप्सम सॉल्ट हा उपाय मला फारच गमतीचा वाटतो. झाड मूळचं मादागास्करच्या दमट हवेतलं. एसीचा कोरडा झोत, कुजकी मुळं किंवा पाण्यातले क्षार, यांपैकी काहीतरी सहसा नडलेलं असतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर पाणी उडून जातं, क्षार मातीत आणि पानाच्या टोकाशी साठतात. त्यात आपण आणखी एक क्षार ओतायचा! एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम खरंच कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि मधला भाग हिरवा राहतो, तेव्हा त्याचा उपयोग. नाहीतर पावसाळ्यात कुंडी एक दिवस पागोळीखाली ठेवा, क्षार धुऊन जातील. पानामागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी या किडीची. पानं खालून-वरून पाण्याने धुवा. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कात्रीने कापताना तपकिरी कडेची एक रेघ राहू द्या, हिरव्यात शिरू नका.

चहाचा चोथा? दूध-साखरेसकट टाकलात तर मुंग्या आणि चिलटं.