शटर ओढता ओढता नाही, ताई

नमस्कार ताई. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आधी दुकानात वाचला, मग लोकलमध्ये, मग घरी बायकोला वाचून दाखवला. तुम्हाला आणि तुमच्या भावाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. भाऊबीजेची भेट अशी फसलेली कुणालाच आवडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून भावासाठी घेतलेला रडार डिटेक्टर (जवळपास पोलिसांची वेग मोजणारी रडार गन असली की गाडीत इशारा देणारं यंत्र) रशियन बोलतो, मॉलच्या दारात बोंबलतो, एक्सप्रेसवेवर गप्प बसतो, भावाला दंड आला आणि आम्ही वस्तू परत घेतली नाही. यातलं बरंचसं खरं आहे, खाली सांगतोच. पण सुरुवातीलाच तुम्ही म्हणता, "पाडव्याच्या रात्री दुकानदाराने शटर ओढता ओढता २,८०० रुपयांचा डबा गळ्यात मारला." हे मात्र झोंबलं.

शटर अर्धं खाली होतं, कबूल. पाडव्याला सकाळी वहीपूजन झालं की आम्ही फार वेळ दुकान उघडं ठेवत नाही. त्या दिवशी एका गाडीची सीट कव्हर बसवता बसवता उशीर झाला. तुम्ही वाकून आत आलात तेव्हा ८.५० झाले होते, मी दिवे मालवायला उठलो होतो. तुम्ही दिलेले पैसे जमा झाल्याचा मेसेज ९.४१ चा आहे, अजून फोनमध्ये आहे. म्हणजे ५१ मिनिटं. यात तुम्ही बसलात, चहा घेतलात, भावाशी फोनवर बोललात (त्याला कळू नये म्हणून "मैत्रिणीकडे आहे" म्हणालात, ते माझ्या कानावर पडलं, माफ करा). पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, हे तुम्हाला सांगायला नको. माझी बायको डोंबिवलीला ताट तयार करून बसली होती. मी पोचलो ११ वाजता. घाई करायचीच असती तर ५१ मिनिटं कशाला घालवली असती?

त्या ५१ मिनिटांत मी काय सांगितलं, तेही लिहितो, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्यांना वाटेल की मी डबा उचलून हातात दिला.

तुम्ही म्हणालात, भाऊ आठवड्यातून तीनदा पुण्याला गाडी घेऊन जातो, सारखे दंड येतात, तीन हजारांच्या आत काहीतरी द्या. मी सांगितलं, डिटेक्टर म्हणजे फक्त कान. पोलिसांच्या रडार गनमधून लहरी निघतात, त्या त्याला ऐकू येतात. खोक्यावर १६ बँड (म्हणजे लहरींचे पट्टे), ३६० डिग्री असं काहीही छापलेलं असो, खरे कामाचे बँड मोजून तीन-चार. त्यातला २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा के बँड मॉलची दारं आपोआप उघडणारे सेन्सरही वापरतात आणि कित्येक नव्या गाड्यांच्या मागच्या बंपरमधले सेन्सरसुद्धा. म्हणून तो मॉलच्या दारात ओरडतो. बिघडलाय म्हणून नाही, स्वस्तातल्या डिटेक्टरला पोलीस कोण आणि दार कोण यातला फरक कळत नाही म्हणून. महागड्यांना थोडाफार कळतो, पण त्यांची किंमत ऐकून तुम्ही हसलात.

एक्सप्रेसवेचंही सांगितलं होतं. तिथे २०२४ पासून कमानींवर कॅमेरे आहेत. एका कमानीखालून गाडी किती वाजता गेली, पुढच्या कमानीखालून किती वाजता, यावरून सरासरी वेग निघतो. त्यात ऐकण्यासारखं काही नसतंच, मग डिटेक्टर बोलणार काय? पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते, तिचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद. तो आपल्या गाडीवर पडून डिटेक्टर वाजेपर्यंत तिकडे वेग टिपून झालेला असतो.

मग मी म्हणालो, ताई, त्यापेक्षा डॅशकॅम (समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) घ्या, ४,२०० ला चांगला आहे, अपघात झाला तर पुरावा राहतो. आणि कॅमेरा कुठे आहे ते फोनमधला गूगल मॅप फुकट सांगतो. यावर तुमचं उत्तर होतं, "महागातलं खपवू नका." मी म्हणालो, भावाला जरा हळू चालवायला सांगा, घाट सोडला तर कारला शंभरची मर्यादा आहे तिथे, दंड एका वेळी दोन हजारांपर्यंत. तुम्ही म्हणालात, "मी उपदेश घ्यायला नाही आले, वस्तू दाखवा." मी दाखवली. ३,२०० ची २,८०० ला दिली, त्यात माझे फार काही सुटले नाहीत. हे सगळं लिहायचं नव्हतं, पण 'गळ्यात मारला' वाचल्यावर राहवलं नाही.

आता माझ्या चुका. हे पीस रशियन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत बोलतात. भाषा इंग्रजी करून द्यायला हवी होती. मी दुकानातल्या पोरग्याला सांगितलं आणि केली की नाही ते बघितलं नाही. नेमक्या भाऊबीजेच्या सकाळी, सगळं घर गाडीत बसलेलं असताना तो रशियन बोलला, हे वाचून मला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं. दुसरं, तुम्ही रिक्षाने आला होतात, त्यामुळे गाडीत लावून दाखवता आला नाही. पण दुकानात सिगारेट लायटरच्या सॉकेटचा अडॅप्टर आहे, त्यावर लावून दाखवता आला असता. हे सुचलं नाही.

आणि तुम्ही परत करायला आलात तेव्हा मी जे बोललो, "दंडाची गॅरंटी कुठलंच दुकान देत नाही," ते चारचौघांत बोलायला नको होतं. तेव्हाही माझी बाजू होतीच. अकरा दिवस झाले होते, खोका नव्हता, चिकटपट्टी वापरलेली, काचेवर लावायचा स्टँड मोडलेला. असा माल पुरवठादार माझ्याकडून घेत नाही. पण सूर चुकला.

ताई, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका रांगेत पन्नास दुकानं आहेत. पूर्वी नवी गाडी आली की लोक म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, सगळं इथे येऊन बसवायचे. आता हे सगळं कंपनीतूनच लागून येतं. आमच्याकडे उरले मॅट, कव्हर, आणि स्टार बघून येणारं गिऱ्हाईक. तुमच्या रिव्ह्यूनंतर एकाने फोन करून विचारलं, "ते रशियन बोलणारं दुकान तुमचंच का?" मी हो म्हणालो, खोटं कशाला बोलू.

पुढे काय करणार ते थोडक्यात सांगतो. स्वस्तातले डिटेक्टर आता मागवणार नाही, राहिलेले दोन पुरवठादाराला परत पाठवतोय. (पोलिसांची गन निकामी करणारा जॅमर मागणाऱ्यांना तर पहिल्यापासून दारातूनच परत पाठवतो, तो गुन्हा आहे.) परत घेण्याचे नियम बिलामागे छापून घेऊ. उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही काहीतरी व्यवस्था करू.

तुमच्यासाठी एवढंच करता येईल की डिटेक्टर घेऊन या, २,८०० पैकी २,००० धरतो आणि त्या बदल्यात टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप देतो. पुण्याला सारखं जाणाऱ्याला तो खरंच कामाला येतो. पंपाचे दोन हजारांवर जे काही होतील ते नंतर बघू. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कधीही या, फक्त साडेआठच्या आत. खोका सापडला तर आणा. नाही सापडला तरी या.