कमान ही निव्वळ हौस होती का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जुन्या घरातल्या एका दारावर विटांची कमान कशी बांधून घेतली, त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनाही वाचून दाखवली. इतर वाचकांसाठी ती आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दारावर सरळ आरसीसी लिंटेल (दारावरची आडवी काँक्रीटची पट्टी) टाकलं असतं तर काम लवकर आटपलं असतं, विटांची कमान ही निव्वळ हौस. करायचीच होती तर पूर्ण अर्धवर्तुळ करायचं, ही बसकी कमान कमकुवत. भूकंपाचा विचार कुठेच दिसत नाही. तिसऱ्या फोटोत कमानीच्या डाव्या खांद्यावर भेग आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. शिवाय हे वाचून फ्लॅटमधली माणसं भिंती फोडायला घेतील.

भूकंपापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. तुम्ही आयएस ४३२६ चा, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाचा दाखला दिलात. त्यात स्वच्छ लिहिलंय की दारं-खिडक्यांवरच्या कमानी ही कमजोरीची जागा आहे, त्या टाळाव्यात, नाहीतर कमानीची दोन टोकं पोलादी सळईने (टाय) बांधावीत. मी ते वाचलेलं नव्हतं. माझी सगळी भिस्त सासूबाईंच्या आठवणीवर होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरातली सगळी माणसं परसात जाऊन उभी राहिली आणि उजाडल्यावर आत येऊन बघितलं तर भिंतीला काही झालेलं नव्हतं, असं त्या सांगतात. पण तेव्हा दारावर धडधाकट लाकूड होतं, कमान नव्हती. त्या पुराव्याचा माझ्या कमानीला काही उपयोग नाही, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

म्हणून साताऱ्याहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. भिंत १८ इंची, दाराच्या डावीकडे कोपऱ्यापर्यंत ६ फूट आणि उजवीकडे ११ फूट. कमान दोन्ही बाजूंना जो रेटा देते तो एरवी एवढी भिंत आरामात घेते, असं ते म्हणाले. पण भूकंपात भिंतच हलते, कमानीचे दोन पाय जरासे जरी फाकले तरी मधल्या विटा सुटतात. त्यांनी सुचवलेला उपाय आयएस १३९३५ मधला, म्हणजे विटा-दगडांची घरं भूकंपासाठी मजबूत करण्याच्या मानकातला आहे: कमानीच्या वर, भिंतीच्या दोन्ही अंगांनी वेल्डेड जाळीचा पट्टा, आरपार सळईने एकमेकांना बांधलेला, कोपऱ्यावरून वळवलेला आणि वरून सिमेंटचा गिलावा. एकाच भिंतीला लावून भागत नाही, पट्टा खोलीभर फिरायला हवा. दिवाळी झाली की माजघराच्या चारही भिंतींचं हे काम सुरू होतंय. खर्च वाढला, पण तो करायलाच हवा होता.

आता लिंटेलबद्दल. तो दिवस मी लेखात दोन ओळींत उरकला, ते बरोबर झालं नाही. जुनी चौकट काढली तेव्हा वर शेजारीशेजारी तीन सागवानी तुळया होत्या, खालून ऑइलपेंट लावलेल्या, दिसायला खणखणीत. मिस्त्रींनी पेचकस टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आत सगळी वाळवीची माती. दोन दिवस आधीच वरच्या भिंतीत भोकं पाडून आडवे ओंडके घातले होते आणि त्यांना दोन्हीकडून टेकू दिले होते, म्हणून तुळया काढायची हिंमत केली. पाच फुटांची एक तुळई बिगाऱ्याने एका हाताने उचलून अंगणात नेली, इतकी ती पोकळ झाली होती.

मग आम्ही सगळे विटा पडायची वाट बघत उभे राहिलो. पडल्या फार तर दोन घमेली. वर साधारण त्रिकोणी खळगा उरला, आणि त्याच्या कडेच्या विटा चुना झडलेला असतानाही एकमेकींना दाबून जागच्या जागी होत्या. मी शिडीवर चढून त्यांना हात लावला. हलेनात. वरचा भार खाली लाकडावर येतच नव्हता, तो बाजूला वळून भिंतीत उतरत होता, असं मिस्त्री म्हणाले. लाकूड कधीचं संपलं होतं आणि ती भिंत स्वतःच्या जोरावर उभी होती. टेकू काढून टाकण्याइतका त्यावर विश्वास मी ठेवला नसता. पण भार कोणत्या वाटेने जायला बघतोय हे डोळ्यांनी दिसलं होतं, आणि त्याच वाटेवर विटा रचाव्यात असं ठरलं.

लिंटेल करता आलंच नसतं असा माझा दावा नाही. तयार लिंटेल आणायचं तर १८ इंच रुंद, ६ इंच जाड आणि दोन्हीकडे ६ इंच टेकण धरून ५ फूट लांब, म्हणजे अडीचशे किलोच्या वर वजन, आणि आमच्या बोळातून ते आणून साडेसहा फुटांवर चढवायचं. जागेवर ओतता आलं असतं, हे तुमचं बरोबर. पण माजघरात चार कोनाडे आहेत, चारही कमानीचे, आणि त्यांच्यासमोर सरळ काँक्रीटची पट्टी मला नको होती. याला तुम्ही हौस म्हणा, मी नाकारणार नाही. फक्त ती हौस फुकट भार वाढवणारी नाही, ती भिंत उचलते. मालाचा हिशोब सांगायचा तर ६४ विटा, त्याही परसातल्या पडक्या न्हाणीघराच्या, आणि १:१:६ चा सिमेंट-चुना-वाळूचा माल. सळई शून्य. मजुरी मात्र लागली: मिस्त्री आणि बिगारी, सहा दिवस. वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले की विटांची कमान जमत असेल तिथे लिंटेलचं सिमेंट आणि लोखंड वाचतं. भूकंपाची अट मात्र त्यासोबत धरायला हवी, ती मी धरली नव्हती.

अर्धवर्तुळाच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये मांडलेली गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल: साखळी लटकवली की तिचा जो आकार होतो, तो उलटा केला की कमानीचा आकार मिळतो. फर्मा (ज्यावर कमानीच्या विटा रचतात तो साचा) कापायच्या आधी मी हे करून बघितलं. प्लायवर ४ फुटांच्या अंतराने दोन खिळे ठोकले, झोपाळ्याची साखळी ८ इंच झोल देऊन लटकवली आणि पेन्सिलने गिरवली. मग ४० इंचांच्या दोरीने वर्तुळाचा तुकडा काढला. दोन्ही रेषांत कुठेही पाव इंचाच्या वर फरक नव्हता. तेच २४ इंच झोल देऊन अर्धवर्तुळाशी ताडलं तर खांद्यापाशी ५ इंचांच्या आसपास फरक आला. वर भिंतीचं वजन असतं, त्यामुळे साखळी तंतोतंत लागू पडत नाही हे मान्य. पण अर्धवर्तुळ आपोआप जास्त मजबूत, हे खरं नाही. त्याच्या खांद्यांना मागून भरीव आधार लागतोच. तुमच्या बाजूने एक सांगते: उंची २४ ऐवजी ८ इंच ठेवली की बाजूचा रेटा साधारण तिप्पट होतो. तो घ्यायला भिंत आहे म्हणूनच बसकी कमान चालली. दार कोपऱ्याला लागून असतं तर मी ती केली नसती.

आणि एक घरगुती कारण. माळ्याच्या तुळया ९ फुटांवर आहेत. त्यांच्याखाली पुरेशी भिंत राखायची म्हणजे अर्धवर्तुळ पावणेसहा फुटांपासूनच सुरू करावं लागलं असतं. आजेसासूबाईंचं शिसवी कपाट त्यातून कधीच पलीकडे गेलं नसतं.

भेगेबद्दल. ती मी लपवली नाही, फोटो काढला तेव्हा मला ती दिसलीच नव्हती. जिथे जुना चुन्याचा गिलावा संपतो आणि नवा सुरू होतो, बरोबर त्या सांध्यावर ती आहे. तेवढ्यावर समाधान मानायचं नाही म्हणून मिस्त्रींनी गिलावा वितभर खरवडला. मागच्या विटांच्या सांध्यात भेग नाही. तरीही भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवली. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. ती १२ जूनला लावली. अख्खा पावसाळा गेला, काच शाबूत आहे. साचाही घाईने काढलेला नव्हता. १४ दिवस ठेवला, मग खालच्या पाचरी एकेक हलक्या ठोक्याने सैल केल्या. फर्मा आणि विटा यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आली तेव्हा मिस्त्रींनी हात थांबवला, रात्रभर तसंच राहू दिलं आणि सकाळी बाकीच्या पाचरी काढल्या.

फ्लॅटबद्दल तुम्ही लिहिलंत त्याने मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण एका वाचक ताईंनी विचारल्यावर मी खरंच "नक्की करा" असं उत्तर दिलं होतं. ते आज बदललंय. माझी भिंत भार घेणारी आणि १८ इंची आहे, फ्लॅटमधली साडेचार इंची आड-भिंत ही वेगळीच गोष्ट. तिच्यामागे कॉलम, वर बीम असू शकतो, वायरी असतात. आणि मायवान पद्धतीच्या इमारतीत तर भिंतच काँक्रीटची असते आणि इमारत तिच्यावर उभी असते, तिथे छिन्नीसुद्धा लावू नये. फ्लॅटमध्ये कमान हवी असेल तर आहे त्या लिंटेलच्या खाली प्लायचे दोन फर्मे लावून, वाकणारी प्लाय किंवा जिप्सम बोर्ड चढवावं. ३ फुटी दारात ६ इंचांचा चढ आणि ३० इंचांची दोरी घेतली की छान दिसते. भिंतीशी जिथे सांधा येतो तिथे जाळीची पट्टी लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यातच रेघ उमटते. ही सगळी माहिती लेखात वर जोडली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

शेवटी तुम्ही लिहिलंय की कधी वाईकडे आलात तर बघायला याल. जरूर या, पण जाळीवर गिलावा चढायच्या आधी या. सळया भिंतीतून आरपार कुठे घेतल्यात ते तेव्हाच दिसेल, आणि काच मी तोपर्यंत काढणार नाही.